मोटारीचे धक्काशोषक : परीक्षा आणि पालट

मोटारगाडी ही आतां आपल्या वऱ्हाडांत चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. दर्यापूर, अकोट, मुर्तिजापूर, अंजनगांव अशा गांवांतून शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या किंवा किराणा दुकानदाराच्या दारांतही एखादी लहान गाडी उभी दिसते. आणि या गाडीस एकाच दिवसांत दोन अगदीं भिन्न प्रकारच्या रस्त्यांवरून धांवावें लागतें. सकाळीं ती शेताच्या पांदणीनें धक्के खात निघते, आणि दुपारीं तीच गाडी समृद्धि महामार्गावर चढून ताशीं १२० किलोमीटरच्या वेगानें नागपूरची वाट धरते. पांदणीवर गाडीच्या ज्या भागाची झीज होते, त्याची खरी कसोटी महामार्गावर लागते. पांदणीवर त्याच्या उणिवेमुळें फार तर कंबर दुखेल. महामार्गावर तीच उणीव प्राणावर बेतते. हा भाग म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें उभा असलेला खांब. मिस्त्री लोक त्यास ‘शॉकअप’ म्हणतात, कारखानदार ‘स्ट्रट’ म्हणतात. तो झिजला हें ओळखावें कसें, आणि बदलावयाचा झाल्यास तें काम कोणत्या क्रमानें व किती सावधगिरीनें व्हावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आपल्या रस्त्यांविषयीं दोन शब्द. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकीच ती रस्त्याला जाचक आहे. या मातींत पाणी शोषून फुगणारा चिकण अंश मोठा असतो. पावसाळ्यांत ती फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर अंथरलेला डांबरी थर या फुगण्या-आकसण्यास तोंड देतां देतां लाटांसारखा होतो, त्याच्या कडा खचतात आणि मग खड्डे पडतात. अमरावती-अकोला हा हमरस्ता कित्येक वर्षें खड्ड्यांसाठींच बदनाम होता. २०२२ च्या जून महिन्यांत लोणी ते माना या टापूंत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम नोंदविण्यांत आला, हें आपणांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. परंतु हमरस्ता सुधारला म्हणून त्यास येऊन मिळणारे रस्ते सुधारतात असें नाहीं. शिवाय प्रत्येक गांवाच्या वेशीवर उठविलेले गतिरोधक आहेतच. त्यांच्या उंचीला कोणतेंही प्रमाण नसतें आणि रात्रीं ते दिसतही नाहींत. गाडीच्या खांबांना जो मार बसतो तो मुख्यतः येथें.

आतां हा खांब आला कोठून, तें पाहूं. आपली बैलबंडी घ्या. तिचा साटा आंसावर थेट टेंकलेला असतो. म्हणून चाकास बसलेला प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत जसाच्या तसा पोंचतो. टांग्याला लोखंडी कमानी आल्या आणि बसणें सुसह्य झालें. या कमानींचे पाटे एकमेकांवर घासत असत, व त्या घर्षणानेंच झोका कांहींसा आवरला जाई. आरंभींच्या मोटारींनीं टांग्याच्याच कमानी उचलल्या. आपल्या सर्वांच्या परिचयाची ॲम्बॅसडर गाडी, जिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, तिला मागें असेच पाटे होते व पुढें पीळ घेणारे पोलादी दांडे होते. जीपगाडीला तर चारही चाकांवर पाटेच.

पुढें अर्ल मॅक्फर्सन नांवाच्या अमेरिकन इंजिनियरानें एक निराळीच युक्ति काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जनरल मोटर्स कंपनींत एका लहान व स्वस्त शेव्हर्ले गाडीची आंखणी करीत होते. ती गाडी बाजारांत आलीच नाहीं. १९४७ सालीं तो बेत सोडून देण्यांत आला. मॅक्फर्सन फोर्ड कंपनींत गेले, आणि १९५० सालीं इंग्लंडमध्यें फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांना त्यांची रचना बसविलेली लोकांनीं पाहिली. ही रचना अशी : गुंडाळीची स्प्रिंग, तिच्या पोटांत उभें असलेलें तेलाचें नळकांडें, आणि चाक डावी-उजवीकडे वळण्याचा उभा आंस, हीं तिन्ही कामें एकाच खांबानें करावयाचीं. वरचें टोंक इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला रबराच्या गादीनें बांधलेलें, खालचें टोंक चाकाच्या ओतीव तुकड्याला दोन बोल्टांनीं जखडलेलें, आणि तळाशीं एक आडवा हात. जागा थोडी लागते, वजन थोडें होतें, खर्चही थोडा येतो. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० ही गाडी आपल्या देशांत निघाली, तिच्या पुढील चाकांवर हेच खांब होते. आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांची पुढील बाजू याच पद्धतीची आहे.

या काटकसरीची एक किंमत मात्र आहे, ती ध्यानांत ठेवावी. जुन्या गाडींत धक्काशोषक ही एक सुटी वस्तु होती. ती निकामी झाली तरी चाकाची दिशा बिघडत नसे. येथें तोच खांब चाकाला सरळ उभें धरतो. त्यांत खिळखिळेपणा आला कीं बसणाऱ्याचें सुख जातें, आणि त्याबरोबर गाडीची दिशा आणि टायरांचें आयुष्य हींही धोक्यांत येतात.

‘धक्काशोषक’ हा शब्द रूढ आहे म्हणून मी वापरतों. पण एका शिक्षकाच्या संवयीनें सांगतों कीं हें नांव फसवें आहे. धक्का शोषते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यांतून वर उसळलें कीं स्प्रिंग दबते व तो धक्का आपल्या अंगांत सांठविते. परंतु सांठविलेलें परत दिल्यावांचून तिला राहवत नाहीं. झोपाळ्यास एकदां धक्का दिला कीं तो कितीतरी वेळ हलत राहतो. तशीच नुसत्या स्प्रिंगवर ठेवलेली गाडी एका खड्ड्यानंतर वरखालीं डोलत राहील, आणि तोंच दुसरा खड्डा येईल. हें डोलणें मारण्याचें काम तेलाच्या नळकांड्याचें. त्यास ‘दोलनशामक’ म्हटलें तर तें अधिक खरें होईल.

नळकांड्यांत तेल भरलेलें असतें व एक दट्ट्या त्यांत वरखालीं सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रें व पातळ पोलादी झडपा असतात. दट्ट्या हलतो तेव्हां तेलाला त्या अरुंद वाटेनें जबरीनें पलीकडे जावें लागतें, आणि या जबरीमुळें हालचालीची शक्ति उष्णतेंत बदलते. खराब रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचें नळकांडें हातास चांगलें ऊन लागतें, तें याच कारणानें. झडपा अशा योजलेल्या असतात कीं दबतांना अडथळा कमी व्हावा आणि उघडतांना अधिक व्हावा. म्हणजे खड्ड्याचा धक्का स्प्रिंगनें सुखानें घ्यावा, पण परत उसळी मारूं नये. तेलांत फेंस होऊं नये म्हणून हल्लींच्या बहुतेक नळकांड्यांत दाबाखालीं नायट्रोजन वायुही भरतात. तेल गळलें, पातळ झालें किंवा झडपा झिजल्या, कीं स्प्रिंग मोकळी सुटते. अकोल्यास वैशाखांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. थकलेला खांब हिवाळ्यांत जेमतेम चालतो आणि उन्हाळ्यांत तेल अधिक पातळ होऊन उघडा पडतो, असा अनुभव म्हणूनच येतो.

गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदास सुमारें एक-दीड झोका घेतो. परंतु चाक स्वतः हलकें असून टायर व स्प्रिंग यांच्या कचाट्यांत असतें. त्यास आवरणारें कोणी नसेल तर तें सेकंदास दहा-बारा वेळां उड्या मारूं लागतें. आतां गणित करून पाहा. ताशीं १२० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें ३३ मीटर. म्हणजे चाकाची प्रत्येक उडी सुमारें ३ मीटर रस्ता ओलांडते, आणि त्या ३ मीटरांपैकीं कांहीं भाग तरी टायर रस्त्यावर नीट टेंकलेला नसतो. जो टायर टेंकलेलाच नाहीं त्यास ब्रेक लावून काय उपयोग? हल्लींच्या गाड्यांत चाक घसरूं न देणारी ब्रेकची यंत्रणा असते खरी. पण तीही टायराच्या पकडीवरच विसंबून असते. गाडी ‘जरा हलते’ म्हणून सोडून देणाऱ्यांनीं हें गणित पावसाळ्यापूर्वीं एकदां मनांत करावें.

तर आतां परीक्षा. सर्वांस ठाऊक असलेली रीति म्हणजे बॉनेटाचा एक कोपरा दोन्ही हातांनीं जोरानें दाबून एकदम सोडणें. निरोगी गाडी वर येते, किंचित् खालीं जाते आणि स्थिर होते. दोन-तीन वेळां हेलकावली तर त्या कोपऱ्याचा खांब थकला असें समजावें. ही परीक्षा सोपी आहे, परंतु तिजवर सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये. पुष्कळ नव्या गाड्यांच्या स्प्रिंगा इतक्या ताठ असतात कीं हातानें त्या पुरेशा दबतच नाहींत, आणि अर्धा मेलेला खांबही या परीक्षेंत उत्तीर्ण होतो. नापास झाला तर तो खराब हें निश्चित. पास झाला म्हणून चांगला हें निश्चित नव्हे.

डोळ्यांनीं पाहण्याची परीक्षा अधिक विश्वसनीय. चाक पूर्ण वळवून आंत बॅटरीचा उजेड पाडावा. दट्ट्याच्या चकचकीत दांड्यावर रबराची घडीदार पिशवी असते. ती फाटली असेल तर वऱ्हाडची धूळ थेट दांड्यावर बसते, वरच्या सीलला घासते, आणि तेथून तेलास वाट होते. नळकांड्यावर धुळीचा किंचित् ओलसर थर असणें हें आजाराचें लक्षण नव्हे. दांडा वर येतांना थोडें तेल आणतोच. परंतु तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील, बोटाला तेल लागत असेल, तर त्या खांबाचा निकाल लागला म्हणून समजावें. त्याच वेळीं स्प्रिंगचे वेढे मोजून पाहावे. शेवटचा अर्धा वेढा तुटून पडलेला असतो आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो, असें अनेकदां घडतें. पूर्णेच्या कांठच्या खारपाण पट्ट्यांत लोक बोअरच्या खाऱ्या पाण्यानें गाड्या धुतात. त्यांनीं स्प्रिंग व दांडा यांवर गंज धरला आहे काय, हें विशेष लक्ष देऊन पाहावें.

तिसरी साक्ष टायराची. तळहात टायराच्या पृष्ठभागावरून सर्व बाजूंनीं फिरवावा. ठराविक अंतरावर खळगे व उंचवटे हातास लागले, म्हणजे टायर कांहीं ठिकाणीं अधिक व कांहीं ठिकाणीं कमी झिजला असेल, तर चाक उड्या मारीत होतें याचा तो लेखी पुरावाच होय. मात्र टायर केवळ आंतल्या किंवा केवळ बाहेरच्या कडेनें सरळ झिजला असेल तर तो दोष चाकांच्या कोनाचा असण्याचा संभव अधिक. चालवितांना जाणवणारीं लक्षणें अशीं : ब्रेक लावतांच गाडी नाक खालीं घालते, वळणावर एका अंगास फार झुकते, मोठ्या वाहनास ओलांडतांना वाऱ्याच्या झोतानें डगमगते, गतिरोधक उतरल्यावर दोनदां मान हलविते. परतवाड्याहून चिखलदऱ्यास चढणाऱ्या घाटांत वळणामागून वळण येतें. तेथें ब्रेक व वळण एकत्र आलें कीं थकलेला खांब आपोआप बोलूं लागतो.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. गाडीच्या पुढील भागांत ‘खट्-खट्’ आवाज आला कीं खांब गेले असें सांगणारे मिस्त्री थोडे नाहींत. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांस चारही धक्काशोषक बदलण्याचा सल्ला मिळाला होता. दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीनें गाडीखालीं शिरून एक लहानसा लिंक रॉड हातानें हलवून दाखविला आणि आवाज तेथेंच सांपडला. लहान खड्ड्यांवर हलका खडखडाट बहुधा लिंक रॉडचा असतो. ब्रेक लावतांना किंवा सोडतांना एकच ‘ठक्’ होत असेल तर खालच्या आडव्या हाताचें रबर किंवा गोळीचा सांधा पाहावा. गाडी उभी असतां कोणी स्टिअरिंग फिरवावें आणि आपण स्प्रिंगवर हात ठेवावा. स्प्रिंग अडकून झटक्यानें सुटत असेल, कुरकुरत असेल, तर खांबाच्या माथ्यावरील बेअरिंग जाम झालें आहे. विशिष्ट वेगालाच स्टिअरिंग थरथरतें तो दोष बहुतेक चाकांच्या समतोलाचा. वेगाबरोबर वाढणारा गुणगुणाट चाकाच्या बेअरिंगचा. आणि गाडी एका कोपऱ्यास खालीं बसली असेल तर धक्काशोषकास दोष देऊं नये. गाडीचें वजन तो पेलतच नाहीं, स्प्रिंग पेलते.

खांबाचें आयुष्य किती, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. सुमारें ८०,००० किलोमीटरनंतर संशय घ्यावा, असा एक ढोबळ अंदाज सांगण्यांत येतो. गुळगुळीत रस्त्यावर तो दीड-लाख किलोमीटरही चालतो. पांदणीवर नेहमीं भरलेली गाडी हांकणाऱ्याचा ४०,००० मध्येंही थकतो. थकवा हळूहळू येतो आणि हांकणारा नकळत त्यास सरावतो, हीच खरी अडचण. म्हणून दर २०,००० किलोमीटरला वर सांगितलेली परीक्षा दुसऱ्या कोणाकडून करवावी, आणि शक्य तर गाडीही त्यालाच चालवावयास द्यावी.

आतां पालट. हें काम आपल्या हातानें करावें असा माझा आग्रह नाहीं. परंतु तें कसें होतें हें मालकास ठाऊक असावें, म्हणजे समोर चाललेल्या कामांत कोठें घाई होते हें त्याला दिसेल. पहिला नियम असा कीं एकाच आंसावरचे दोन्ही खांब बरोबर बदलावे. एक नवा व एक जुना असल्यास गाडी ब्रेक लावतांना व वळतांना दोन बाजूंनीं दोन रीतींनीं वागते. दुसरा नियम : गाडी केवळ जॅकवर असतां तिच्याखालीं शरीराचा कोणताही भाग नेऊं नये. सपाट व कठीण जमिनीवर गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागील चाकांना ठोकळे लावावे, चाकाच्या चाक्या गाडी जमिनीवर असतांनाच थोड्या सैल कराव्या, आणि मग गाडी उचलून तिच्या ठरलेल्या जागीं लोखंडी घोडे द्यावे. विटांचा ढीग हा घोडा नव्हे. वीट भारानें एकाएकीं फुटते.

चाक काढल्यावर ब्रेकची रबरी नळी व असल्यास वायर खांबावरील पकडींतून मोकळी करावी. लिंक रॉड सोडावा. खालच्या दोन बोल्टांपाशीं खडूनें किंवा टोंचणीनें खूण करून ठेवावी, म्हणजे परत बसवितांना चाकाचा कोन फार बदलत नाहीं. ते बोल्ट काढण्यापूर्वीं चाकाच्या ओतीव तुकड्यास तारेनें बांधून धरावें. तो बाहेर कलंडला तर ब्रेकच्या नळीस ताण बसतो, आणि चाकास शक्ति देणारा दांडा आपल्या सांध्यांतून निसटतो. शेवटीं बॉनेटाखालच्या तीन लहान चाक्या सोडावयाच्या. त्या सोडतांना दुसऱ्या मनुष्यानें खालून खांब धरावा.

त्या तीन चाक्यांच्या मध्यें एक मोठी चाकी दिसते. श्रोतेहो, तिला पाना लावूं नये. ही सूचना कितीदांही दिली तरी अधिक होणार नाहीं. अकोल्याच्या जिन-प्रेसमध्यें ज्यांनीं काम पाहिलें आहे, त्यांना रुईच्या गासडीवरील पट्ट्या ठाऊक असतील. प्रचंड दाबानें आंवळलेली रुई त्या पट्ट्यांनीं धरलेली असते. पट्टी तोडतांना जवळ तोंड नेलें तर ती सापासारखी फणकारते. मधल्या चाकीचें काम त्या पट्टीसारखेंच आहे. लहान गाडीचें वजन ८०० ते ९०० किलो धरलें व त्याचा सुमारें तीन-पंचमांश भाग पुढें पडतो असें मानलें, तर प्रत्येक पुढील स्प्रिंगवर अडीचशें किलोंच्या आसपास भार येतो. खांब गाडींतून सुटल्यावरही स्प्रिंग पूर्ण मोकळी नसते. दोन ताटल्यांमध्यें दबलेलीच असते. अशा स्थितींत मधली चाकी काढली तर स्प्रिंग, रबराची गादी आणि पोलादी ताटली एकदम सुटतात, आणि समोर जें असेल तें फोडतात. हात, जबडा, डोळा गमावण्यास एक क्षण पुरतो.

म्हणून स्प्रिंग दाबण्याचें खास साधन लागतें. साध्या प्रकारांत दोन लांब आंट्याचे दांडे व त्यांना आंकडे असतात. ते स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना बसवून आळीपाळीनें, अर्धा अर्धा फेरा, सारखे आंवळावे लागतात. एकच बाजू आंवळली तर स्प्रिंग धनुष्यासारखी वांकते आणि आंकडा निसटतो. स्प्रिंग ताटलीपासून सुटून हातानें फिरूं लागली म्हणजेच मधली चाकी काढावयाची, तींही तोंड बाजूस ठेवून. अनेक ठिकाणीं हें साधन न वापरतां दोरखंडानें किंवा तारेनें स्प्रिंग बांधून काम उरकतात. तसें करणाऱ्या मिस्त्रीचा हात कितीही सराईत असो, आपली गाडी त्याच्या स्वाधीन करूं नये. त्याच्या हाताखालचीं पोरें पंधरा-सोळा वर्षांचीं असतात व तींच स्प्रिंगच्या समोर बसलेलीं असतात.

नवें नळकांडें पेटींतून काढून तसेंच बसवूं नये. तें आडवें पडलेलें असतें व तेलाच्या खणांत हवा शिरलेली असते. तें उभें धरून दांडा पूर्ण खालीं दाबावा व पूर्ण वर ओढावा, असें चार-पांच वेळां केल्यावर हालचाल सर्वत्र सारखी जड लागते. दांड्यास पक्कड लावूं नये. एक ओरखडा पडला तरी नवें सील महिन्यांत फाटेल. रबराची घडीदार पिशवी, आंतला रबरी ठोकळा, वरची गादी व बेअरिंग हीं झिजलेलीं असतील तर याच वेळीं बदलावीं. काम उघडें पडलें असतां थोडक्यासाठीं जुनें रबर परत घालणें ही काटकसर नव्हे. डावा व उजवा खांब भिन्न असतात, त्यांवरील खुणा वाचाव्या. स्प्रिंगचें खालचें टोंक ताटलींतील खांचेस भिडलेलें असलें पाहिजे. तें वर चढलेलें राहिलें तर गाडी एका अंगास उंच राहते व पुढें ‘टण्’ असा आवाज करीत टोंक खांचेंत पडतें. मधली चाकी नवीच वापरावी, आणि सर्व बोल्ट गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें, मोजून आंवळणाऱ्या पान्यानें आंवळावे. खालच्या आडव्या हाताचे बोल्ट सोडले असतील तर ते गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्के करावे, नाहींतर त्यांचीं रबरें कायमचीं पिळलेलीं राहून लवकर फाटतात.

बाजारांत जुने खांब छिद्र पाडून, तेल भरून, पुन्हां डाख देऊन विकणारे आहेत. नवे रंगविलेले ते हुबेहूब नव्यासारखे दिसतात. मागील साध्या धक्काशोषकावर कोणी हा प्रयोग करून पाहिला तर त्याची इच्छा. पण ज्या खांबावर पुढील चाक उभें आहे तो डाख देऊन वापरणें मला मुळींच मान्य नाहीं. आंतल्या झडपा झिजलेल्याच राहतात व वायु निघून गेलेला असतो. खरेदी करतांना सीलबंद पेटी, तिजवरील भागाचा क्रमांक व पक्की पावती घ्यावी, आणि काढलेले जुने खांब परत मागावे. ते मागितले कीं ते खरोखर बदलले गेले याची खातरी होते, आणि त्यांची पुन्हां रंगरंगोटी होण्याची वाटही बंद पडते.

काम झाल्यावर गाडी थेट महामार्गावर नेऊं नये. खांब सोडले कीं चाकांचे कोन थोडेफार हलतातच. म्हणून चाकांची सरळी मोजून घ्यावी, आणि मोजणीचा छापील कागद मागून ठेवावा. त्यापूर्वीं दहा-पांच किलोमीटर गाडी सावकाश चालवून आवाज ऐकावा, स्टिअरिंग दोन्ही टोंकांस फिरवून ब्रेकची नळी कोठें ताणली किंवा टायरास घासत नाहीं ना, तें पाहावें. पांचशें किलोमीटर झाल्यावर वरच्या तीन चाक्या व खालचे बोल्ट पुन्हां तपासावे. खळगे पडलेले जुने टायर नव्या खांबांवर कांहीं दिवस घरघर करीत राहतील. तो आवाज टायरांचा आहे, खांबांचा नव्हे. आणि काढलेले खांब भंगारवाल्यास देतांना त्यांत वायु दाबलेला असतो हें त्यास सांगावें, म्हणजे तो ते भट्टींत टाकणार नाहीं किंवा करवतीनें कापावयास बसणार नाहीं.